जीपच्या वेषातली स्टेशन वॅगन

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आली ती वडशाला, आणि पुढची कित्येक दशके तेथेच थांबली. वैनगंगेकाठचे हे गाव सरकारी दप्तरात देसाईगंज म्हणून नोंदलेले आहे. स्थानकाच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी मात्र ते वडसाच राहिले. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणाऱ्या या मार्गाची नॅरोगेज नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. वडशाहून गडचिरोलीपर्यंतच्या मार्गाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. तोवर आरमोरी, कुरखेडा, कोरची, गडचिरोली, यांपैकी कोठेही जायचे तर स्टेशनाबाहेर पडून चार चाकांचाच आधार घ्यावा लागे.

अशा गावातल्या कुटुंबाची गाडीकडून असलेली अपेक्षा शहरी ग्राहकाहून वेगळी असते. घरातली सहा-सात माणसे एकत्र निघतात. सोबत नव्या तांदळाची पोती असतात, लग्नसराईत भांडी आणि गाद्या असतात. मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर गाठायचे तर एका बाजूचा प्रवास दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो, आणि कधी रुग्णाला आडवे निजवून न्यावे लागते. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र-रात्र बसायचे आणि पहाटे जंगलातल्या रस्त्याने परतायचे, हा या मुलखाचा रिवाज. वडसा तर या रंगभूमीचे मुख्य ठाणे. नाटक मंडळ्यांची कार्यालये येथेच. तेव्हा गाडीत जागा भरपूर हवी, तिचे पोट जमिनीला घासता कामा नये, आणि इंधनाचा खर्च आवाक्यात राहावा, या तीन गोष्टी ओघानेच येतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी गाडी मोटारशास्त्राला नवी नाही. तिचे नाव स्टेशन वॅगन. रेल्वे स्थानकावर उतरलेल्या माणसांना त्यांच्या ट्रंका-वळकट्यांसह घरी पोहोचवणारी गाडी ती स्टेशन वॅगन, असा या नावाचा उगम आहे. इंग्लंडात तिलाच एस्टेट म्हणतात. सेडान मोटारीचे छत डिकीच्या टोकापर्यंत सरळ मागे न्यायचे, मागे उभा दरवाजा बसवायचा, आणि मागची आसने घडी घालता येतील अशी करायची, एवढाच तिच्यातला मूळ फरक. परंतु या एका फरकाने सामानाची जागा जवळजवळ दुप्पट होते. गाडी चालवण्याची रीत मात्र मोटारीचीच राहते. उंच जीपसारखी ती वळणावर कलत नाही.

तरीही भारतात स्टेशन वॅगन म्हणून विकली गेलेली गाडी क्वचितच चालली. जेव्हा चालली, तेव्हा ती जीपच्या वेषात आली होती. हा वेष म्हणजेच क्रॉसओव्हर.

वेषाची कुळकथा

वॅगनला थोडे उंच करून चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना अमेरिकन मोटर्सने १९७९ च्या सुमारास 'ईगल' या गाडीत आणली. पुढे नव्वदच्या दशकात जपानी सुबारूने 'आउटबॅक' आणि स्वीडनच्या व्होल्वोने 'क्रॉस कंट्री' काढली. त्यानंतर ऑडीची 'ऑलरोड' आली. सगळ्यांची रेसिपी एकच: नेहमीची वॅगन घ्यायची, ती काही सेंटिमीटर वर उचलायची, चाकांच्या कमानींना आणि दारांच्या खालच्या कडेला काळे प्लास्टिक लावायचे, टपावर आडव्या दांड्या बसवायच्या आणि बंपरखाली रुपेरी पट्टी द्यायची. युरोपात अशा बहुतेक गाड्यांना डिझेल इंजिन मिळाले आणि ती तिथल्या सुखवस्तू कुटुंबाची गाडी ठरली. भारतात व्होल्वोची 'व्ही ९० क्रॉस कंट्री' २०१७ मध्ये डिझेल इंजिनासह आली, पण साठ लाखांच्या घरातल्या किमतीमुळे ती सामान्य कुटुंबाच्या विचारातच येत नव्हती.

आपल्याकडची खरी कथा पुण्यात घडली.

पुण्याचे तीन प्रयत्न

टेल्कोने (कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले) १९८८ मध्ये 'टाटामोबाइल २०६' हा पिकअप टेम्पो काढला होता. त्याच्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये 'सिएरा' आणि १९९२ मध्ये 'टाटा एस्टेट' उभी राहिली. एस्टेटचे इंजिन १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल होते, आणि त्याची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आत होती. दिसायला ती त्या काळच्या मर्सिडीज वॅगनच्या वळणाची आणि आतून ऐसपैस होती. विजेवर चालणाऱ्या काचा तेव्हा चैनीची वस्तू होत्या, त्याही तीत होत्या. पण खाली ट्रकच्या घराण्यातली चासी आणि मागे पाटे, त्यामुळे रिकामी गाडी उसळत असे, आणि भरलेल्या गाडीला चढावर इंजिन अपुरे पडे. शिवाय ग्राहकाला प्रश्न पडे, की ही मोटार आहे की सामानाची गाडी? १९९४ मध्ये त्याच कंपनीने 'सुमो' आणली. जवळपास तीच यंत्रसामग्री, पण चौकोनी, उंच, दहा माणसे सामावणारी. सुमोने बाजार जिंकला. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागांत वर्षानुवर्षे भाड्याने धावली ती सुमो, ट्रॅक्स आणि पुढे नाशिकची बोलेरो. एस्टेट हळूहळू विस्मरणात गेली.

दुसरा प्रयत्न शुद्ध मोटारीचा होता. इंडिका (१९९८) आणि तिची डिकीवाली बहीण इंडिगो (२००२) यांच्यानंतर २००४ मध्ये 'इंडिगो मारिना' आली. १४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे मोठी जागा. कौटुंबिक वॅगन म्हणून भारतात बनलेली ही कदाचित सर्वांत समंजस गाडी. याच सुमारास औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यातून स्कोडाची 'ऑक्टाव्हिया कॉम्बी' निघत होती, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून त्याआधी फियाटची 'सिएना वीकेंड' निघाली होती. म्हणजे त्या दशकात स्टेशन वॅगनच्या बाबतीत महाराष्ट्र हा देशाचा कारखानाच होता. ग्राहक मात्र फिरकला नाही. मोटारीला डिकी वेगळी दिसली पाहिजे, नाहीतर तो 'डबा', ही धारणा त्या वेळी फार पक्की होती.

तिसऱ्या प्रयत्नात टाटांनी वेष बदलला. २००५ च्या जिनिव्हा प्रदर्शनात 'एक्सओव्हर' नावाची संकल्पना-गाडी त्यांनी मांडली, आणि पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये ती 'आरिया' या नावाने बाजारात आली. कंपनीने तिला भारतीय बनावटीची पहिली क्रॉसओव्हर म्हणून पुढे आणले. लांबी ४.७८ मीटर, तीन रांगा, सात आसने, २१७९ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. मागच्या चाकांची पकड सुटू लागली की पुढच्या चाकांकडे आपोआप ताकद वळवणारी यंत्रणा तीत मिळत असे, आणि सर्वांत महागड्या आवृत्तीत सहा एअरबॅगा होत्या. छताला आतून विमानातल्यासारखे सामानाचे कप्पे होते. लांब पल्ल्याच्या प्रवासात तिचा आराम त्या किमतीच्या कोणत्याही गाडीला लाजवणारा होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले.

ती तरीही खपली नाही. सुमारे तेरा ते साडेपंधरा लाख रुपये ही सुरुवातीची किंमत तेव्हा टाटांच्या नावाशी ग्राहकाला जुळवता आली नाही. तेवढ्या पैशांत इनोव्हाचा भरवसा मिळत होता. पुढे स्वस्त, दोन चाकांनाच ताकद देणाऱ्या आवृत्त्या आल्या. पण वर्षभरात, सप्टेंबर २०११ मध्ये, महिंद्राने चाकणच्या कारखान्यातून 'एक्सयूव्ही ५००' उतरवली. ताकद तीच १४० अश्वशक्ती, सात आसने तीच, किंमत पावणेअकरा लाखांच्या आसपासपासून, आणि चेहरा मात्र उघडउघड जीपचा. आरियाचा चेहरा अर्धवट होता. वॅगन म्हणून ती उंच वाटे आणि जीप म्हणून बुटकी. ग्राहकाने कौल दिला तो चेहऱ्याला. आरियाच्याच पायावर २०१७ च्या जानेवारीत 'हेक्सा' आली, ती ठसठशीत जीपच्या रूपात, आणि आरिया संपली. हेक्साही २०२० मध्ये नव्या प्रदूषण मानकांच्या वेळी थांबली.

कराने कापलेले शेपूट

वॅगन मागे पडण्याचे खापर केवळ ग्राहकाच्या आवडीवर फोडणे अन्यायाचे होईल. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार म्हणजे चार मीटरच्या आतली, आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे असलेली. मारिनाचे इंजिन या मर्यादेत बसत होते, शेपूट बसत नव्हते. वॅगनची सारी उपयुक्तता तिच्या मागच्या लांबीत, आणि नेमकी ती लांबीच महाग झाली. दोन वर्षांनी कंपनीने इंडिगोचीच मागची बाजू छाटून चार मीटरच्या आत बसणारी 'इंडिगो सीएस' काढली, ती खपली. त्यानंतर देशभर आखूड डिकीच्या चमत्कारिक सेडान दिसू लागल्या, त्यांचे मूळ या कलमात आहे.

२०१३ च्या अर्थसंकल्पात उलट दिशेने आणखी एक रेघ ओढली गेली. चार मीटरहून लांब, १५०० घनसेंटिमीटरहून मोठे इंजिन आणि १७० मिलीमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाड्यांवर शुल्क २७ वरून ३० टक्के झाले. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना यातून वगळले होते. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची ही तोवर खाचखळग्यांची बाब होती, ती आता कराची बाब झाली. जीएसटी आल्यावरही १७० चा आकडा टिकला. २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ही उंची रिकाम्या गाडीची मोजायची असे स्पष्ट केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा उपकर गेला आणि दोनच पायऱ्या उरल्या: लहान गाड्यांना १८ टक्के, इतरांना ४० टक्के. लहान गाडीची व्याख्या मात्र तीच राहिली, चार मीटरची.

वडशाच्या रस्त्यावर वेषाची परीक्षा

आता प्रश्न असा, की हा वेष उपयोगाचा किती? याचे उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते वडसा-कुरखेडा रस्त्यावर, किंवा आतल्या एखाद्या ग्रामसडकेवर पावसाळ्यात मिळते.

उंचीचा फायदा खरा आहे, परंतु जाहिरातीतला आकडा रिकाम्या गाडीचा असतो. सात माणसे आणि दोन पोती भरली की मागचा भाग खाली बसतो, आणि १८० मिलीमीटरचे १४०-१५० होऊन जातात. वॅगनमध्ये चाकाच्या मागे लांब शेपूट लोंबते. नाल्यातून वर चढताना तेच आधी घासते. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जास्त असेल, तर उंचवट्यावर पोट टेकते. म्हणून एकट्या ग्राउंड क्लिअरन्सवर न जाता गाडी भरलेल्या स्थितीत पाहावी, हे उत्तम. रंजनगावच्या कारखान्यातून २०१४ मध्ये आलेली फियाटची 'अॅव्हेन्चुरा' या बाबतीत मनोरंजक होती: मूळ पुंटो हॅचबॅक, २०५ मिलीमीटरची उंची, पाठीवर टांगलेली स्टेपनी, आणि डॅशबोर्डवर चढ-उताराचा कोन दाखवणारी मापके. चारही चाकांना ताकद मात्र नव्हती. कोन किती झाला ते कळे, तेथून वर निघण्याची खात्री नसे.

२०१५ मध्ये आलेल्या मारुतीच्या 'एस-क्रॉस'ची आणि रेनोच्या 'लॉजी स्टेपवे'ची गोष्टही याच जातकुळीतली. दोन्ही डिझेल, दोन्ही कुटुंबासाठी सोयीच्या, दोघींच्या अंगावर काळ्या प्लास्टिकचा अंगरखा, आणि दोघींची पुढचीच चाके फिरणारी. चिखलात रुतलेल्या गाडीला प्लास्टिक बाहेर काढत नाही. त्याने एवढेच होते, की झुडपांचे ओरखडे आणि मुरमाचे खडे रंगावर बसत नाहीत, आणि तो फायदा बांबूच्या जंगलातल्या रस्त्यावर अगदीच टाकाऊ नाही. धानाच्या बांधीलगतच्या काळ्या चिखलात उपयोग होतो तो टायरच्या नक्षीचा.

डिझेलचा मुद्दा अधिक भक्कम आहे. पेट्रोल इंजिनाला ताकद दाखवण्यासाठी जोरात फिरावे लागते. टर्बो डिझेल पंधराशे-सतराशे फेऱ्यांनाच आपला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, देऊ लागते. भरलेली गाडी खड्ड्यातून हळूच बाहेर काढायला हेच हवे असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून पेट्रोलशी असलेली दराची मोठी तफावत ओसरली, त्यामुळे कमी फिरणाऱ्या शहरी कुटुंबाला डिझेल परवडेनासे झाले. परंतु महिन्यातून चार वेळा नागपूर करणाऱ्याचे गणित अजूनही निराळे निघते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी या गणितात आणखी एक बाब घातली. आताच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे पार्टिक्युलेट फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने पळावी लागते. शहरात शाळा-बाजार-कार्यालय एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. वडशाहून ब्रह्मपुरी-नागभीड-उमरेड मार्गे नागपूरला जाणारी गाडी तो आपोआप साफ करत जाते. आधुनिक डिझेल ही आता मोठ्या शहराची नव्हे, लांब अंतराच्या लहान गावाची गाडी झाली आहे. विकली मात्र ती शहरी चेहऱ्याने जाते.

पाण्याची गफलत

क्रॉसओव्हरचा वेष सर्वांत धोक्याचा ठरतो तो पुराच्या पाण्यात. गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढला की वैनगंगा फुगते, आणि वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या पट्ट्यातले रस्ते पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीचा महापूर या भागाच्या चांगलाच लक्षात आहे. अशा वेळी 'डिझेलला प्लग नसतो, पाण्यात बंद पडत नाही' ही जुनी समजूत माणसाला पुढे ढकलते. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो हे खरे. पण त्याला हवा लागते, आणि ती आत घेण्याचे तोंड बहुतेक क्रॉसओव्हर गाड्यांत पुढच्या जाळीमागे, बॉनेटच्या कडेलाच असते. त्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन ते दाबू पाहतो. पाणी दबत नाही. वाकतो तो पिस्टनचा दांडा, आणि इंजिन कायमचे जाते. डिझेलमध्ये दाब पेट्रोलहून बराच जास्त असल्यामुळे नुकसानही मोठे होते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा नाकारले जाते, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

हे झाले यंत्राचे. वाहत्या पाण्यात उंच गाडीही गुडघाभर खोलीला तरंगू लागते, कारण तिचे पोट बंद डब्यासारखे असते. चाके जितकी हलकी, तितकी पकड कमी. पुलाचे कठडे पाण्याखाली गेले असतील तर थांबावे, मग गाडीवर कोणतेही चिन्ह असो.

जुनी गाडी घेताना

आरिया, हेक्सा, एस-क्रॉस यांचे आयुष्य आता जुन्या बाजारात आहे, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या कुटुंबांसाठी तेथे खरोखर चांगला सौदा मिळू शकतो. नवीन गाडीत डिझेल आणि तीन रांगा हव्या असतील, तर २०२२ पासून मिळू लागलेली कियाची 'कॅरेन्स' ही या घराण्याची वारसदार म्हणता येईल. तिच्याही अंगावर जीपची चिन्हे आहेतच.

आरियाबाबत एक हिशेब आधी करावा. पहिल्या गाड्यांना २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी लागते. २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले आहे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याखेरीज. दिल्ली परिसरातला डिझेलसाठीचा दहा वर्षांचा नियम महाराष्ट्रात नाही, हे अनेकांना सांगावे लागते, कारण त्याचीच भीती घालून भाव पाडले जातात. उलट दिल्लीहून या कारणाने स्वस्तात आलेली गाडी घ्यायची तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथे नव्याने भरावा लागणारा कर किमतीत धरला पाहिजे.

सुटे भाग हा दुसरा मुद्दा. आरियाचे इंजिन सफारी आणि हेक्साच्या कुळातले असल्याने त्याचे भाग मिळणे तुलनेने सोपे. तिच्याच अंगाचे भाग, म्हणजे दिवे, बंपर, आतले प्लास्टिक, शोधावे लागतात. चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती असेल, तर ती यंत्रणा खरोखर चालते का हे ओल्या मातीत नेऊन पाहावे, डांबरी रस्त्यावर ते कळत नाही. टर्बोच्या नळीत तेलाचा ओलावा, क्लचचा घसरा आणि मागच्या स्प्रिंगांची बैठक बघावी.

तिसऱ्या रांगेकडे बहुतेक खरेदीदार दुर्लक्ष करतात, आणि तेथे नेहमी मुलेच बसतात. जुन्या सुमो-बोलेरोतल्या समोरासमोरच्या बाकड्यांहून पुढे तोंड करून बसण्याचे आणि पट्टा असलेले आसन केव्हाही बरे. पण पट्टे निघालेले, कुरतडलेले किंवा आसनाखाली हरवलेले असतात. ते ओढून, लावून बघावेत. तिसरी रांग पाडून सामान भरायचे असेल तर मधल्या रांगेच्या पाठीच्या वर काहीही रचू नये. साठच्या वेगात चितळ आडवे आले आणि ब्रेक लागला, तर पन्नास किलोचे पोते पुढे येते ते गाडीच्याच वेगाने. मागे जाळी बसवून मिळते. ती स्वस्त असते, आणि ती अडकवण्याच्या कड्या बहुतेक वॅगनांत मुळातच दिलेल्या असतात.